म्यान केलेली तलवार

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा १९८९ चा खेळ मी मुळशीच्या घरी अजून खेळतो. जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाच्या धावण्याचे, उड्यांचे चित्रण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. त्या आजही जिवंत वाटतात. नातवाला मात्र साठ मिनिटांची मुदत आणि चुकलेल्या उडीची कठोर शिक्षा जाचते. त्याची तक्रार रास्त आहे. परंतु शेवटाकडे राजपुत्राची स्वतःचीच छाया तलवार उपसून समोर ठाकते. तिच्यावरील प्रत्येक वार आपलेच बळ घटवतो. तलवार म्यान केली तरच दोघे एकरूप होतात. दुकानाच्या वाटणीवरून माझ्या दोन्ही मुलांत वर्षभर अबोला आहे. खेळातील चित्रे जुनी झाली. हा प्रसंग आमच्या घरी तरी अजून ताजाच आहे.