पैलतीरावरचं महेश्वर

मोरटक्का, सोमवार
पहाटे चारला जाग आली. आई गेली तरी ही जाग काही जात नाही. तिच्या पहिल्या गोळीची ती वेळ. घरी असते तर छताकडे बघत पडून राहते. इथे धर्मशाळेत सगळेच उठलेले. कुणी गार पाण्यानं अंघोळ करतंय, कुणी बाटलीतल्या नर्मदामैयाची पूजा मांडलीय. पांघरूण ओढून पडून राहायची सोयच नाही.

इंदूर-खंडवा रस्त्याचा पूल इथेच आहे. एसट्या, ट्रक बघता बघता पलीकडे बडवाहला पोचतात. आम्ही परिक्रमावासींनी जायचं नाही. मैया उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही. पार समुद्राच्या मुखाशी, विमलेश्वरहून नावेनं मिठी तलाईला, तेव्हाच काठ बदलायचा. नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा जाचक वाटला होता. आज पुलाजवळून जाताना हायसं वाटलं. ऑक्सिजन लावायचा का, पुण्याला हलवायचं का, सगळं मी एकटीनं ठरवलं होतं. पुलावर पाऊल टाकायचं की नाही, हे मात्र माझ्यावर नाही.

रावेरखेडी, बुधवार
काल नुसते पाय दुखले, लिहिण्यासारखं काही नाही. आज वाटेत वाळत घातलेल्या मिरच्या. ठसक्यानं सगळे बेजार.

इथे बाजीराव पेशव्यांची समाधी. २८ एप्रिल १७४० ला याच काठावर तापानं गेले, चाळिशीही गाठली नव्हती. सोबतचे एक काका पालखेडची लढाई रंगवून सांगत होते. माझ्या डोक्यात मात्र तो तापच. एवढ्या वेगानं दौडलेल्या माणसाच्या उशाशी त्या रात्री कोण जागलं असेल?

बकावां, शुक्रवार
नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगं करणारं गाव. घराघरातून यंत्रांची घरघर, ओसरीवर दगडांचे ढीग, घडणाऱ्यांच्या भुवयांवर पांढरी भुकटी. एका आजींनी हाक मारली, "माताजी, आसन लगा लो." चहा झाला, टिक्कड झाले. मग आजी थेट माझ्या पायाशी बसल्या आणि पाय चेपू लागल्या. मी पाय आखडून घेतले. आईच्या वयाची बाई! त्यांनी ते परत पुढे ओढले. त्यांच्या लेखी त्या मैयाचीच सेवा करत होत्या. माझ्या संकोचाला कुणी विचारतच नव्हतं.

आईच्या आजारपणात भाऊ मला 'वर्तमानात जगा'चे व्हिडिओ पाठवायचा. राग यायचा. आजाऱ्याच्या खोलीत वर्तमानाशिवाय दुसरं असतंच काय? कूस बदलायची, चादर बदलायची, पुढची गोळी. तेव्हा मी पुरेपूर वर्तमानात होते आणि आतून वाळत चालले होते. त्या सगळ्या काळात मला कुणी काही दिलं नाही असं नाही. मीच घेत नव्हते. शेजारच्या वहिनींनी डबा आणला, तरी मी आधी त्यांच्यासाठी चहा टाकायची. इथे ते चालत नाही. शिध्याचं सदाव्रत मिळतं, न्याहारीला बालभोग मिळतो, परतफेडीला झोळीत काही नसतं. आज आजी थांबल्या तेव्हाच पाय मागे घेतले. झोपही हल्ली चांगली लागते, चारची जाग धरूनसुद्धा.

नावडातोडी, सोमवार
समोर महेश्वर! अहिल्याबाईंचा वाडा, घाटाच्या पायऱ्या, कपडे धुणाऱ्या बायकांचे आवाजसुद्धा ऐकू येतात. नावा सारख्या ये-जा करतायत. आम्ही या काठावर.

याच गावाजवळच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५०च्या दशकात उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती उजेडात आली. काकांना त्यात रस नव्हता, मी एकटीच फिरून आले.

नागपूरच्या ताई महेश्वरी साडीसाठी हळहळतायत. आता पैलतीरानं परतताना, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी. "तोवर रंग तरी ठरवून ठेवा," मी म्हटलं.

"छे हो," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला कुठला आवडेल, कोण जाणे!"

उद्या खलघाटच्या पुलाच्या दिशेनं.

(क्रमशः)