खांद्याची हाडं

हाडांची पेटी उघडली की हात आधी स्कॅप्युलाकडेच, खांद्याच्या पात्याकडेच जातो. नागपूरचं मेडिकल कॉलेज १९४७चं. तेव्हापासून किती पिढ्यांनी हे हाड डावं की उजवं, हे असंच ओळखलं असेल! काटा मागे, ग्लेनॉइडची उथळ खोबण बाहेर, कोराकॉइडची चोच पुढे. पुस्तकात तीन ओळी. बोटांना कळायला मात्र वेळ लागतो.

आज कळमना बाजारात ते सगळं जिवंत दिसलं. पोतं उचलणाऱ्या हमालाच्या घामेजल्या पाठीवर तो काटा, साधारण तिसऱ्या पाठमणक्याच्या पातळीला. खालचं टोक सातव्याच्या. हात वर गेला तसं अख्खं पातं बरगड्यांवरून फिरलं. किती सुंदर रचना! स्नायू सोडले, तर हाताला धडाशी जोडणारं हाड एकच, गळ्याखालचं क्लॅव्हिकल. गर्भात सर्वांत आधी हाडाचं रूप घेऊ लागतं तेही तेच, आणि त्याचं आतलं टोक पुरतं जुळतं विशी उलटल्यावर.

शेजारचा पोरगा अठराचा असेल-नसेल. त्याचं ते टोक अजून जुळायचंय, आणि खांद्यावर पोतं आहे. मला ते बघवलं नाही.