इंजेक्शन का नाकारले

लोणावळा

चि. अनघा,

तळेगावास आठवड्यातून तीनदा डायलिसिस करून घेणाऱ्या तुझ्या आईस एमआरआयसाठी पुण्यास नेले असता, मूत्रपिंडांचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा आकडा पाहून तेथील डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन देण्याचे नाकारले, हे ऐकून तू फोनवर संतापलीस. मुलगी परदेशी असली म्हणजे असा संताप साहजिकच. परंतु त्या नकारामागची हकीकत तुला ठाऊक असावी म्हणून हे सविस्तर लिहितो.

त्या इंजेक्शनात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. मोकळा असता तो विषारी, म्हणून सेंद्रिय रेणूत जखडूनच तो शिरेत सोडतात, आणि धडधाकट मूत्रपिंडे एका दिवसात तो बहुतांशी लघवीवाटे बाहेर टाकतात. सीटी स्कॅनच्या आयोडीनयुक्त औषधाने मूत्रपिंडांस अपाय होण्याची धास्ती असल्यामुळे, दुबळ्या मूत्रपिंडांच्या रुग्णांना जपावे या सद्हेतूनेच डॉक्टर त्यांना हे दुसरे औषध निर्धोक समजून देत असत, ही गोष्ट मला या साऱ्या कथेत अत्यंत क्लेशकारक वाटते.

१९९७ साली कॅलिफोर्नियात अशा काही रुग्णांच्या हातापायांची कातडी ताठरू लागली. चिमटीत धरू जावे तर ती उचलली जात नसे, बोटाला लाकडाच्या फळीसारखी लागे. पुढे गुडघे आणि कोपरे आखडून चालत्या माणसाला खुर्ची धरावी लागे, चेहरा मात्र बहुधा सुटे. २००० साली कॉपर प्रभृतींनी 'लॅन्सेट'मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे हृदय-फुप्फुसांतही तोच तंतुमय कठीणपणा आढळला आणि 'नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस' हे नाव रूढ झाले, तरी कारण सापडेना.

ते सापडले रुग्णांच्या जुन्या कागदपत्रांत. वडगावच्या मामलेदार कचेरीत माझी सारी नोकरी फेरफार आणि रोजनामे चाळण्यात गेली, त्यामुळे तारखेला तारीख जुळवून सत्य काढणाऱ्या त्या डॉक्टरांविषयी मला विशेष आदर वाटतो. २००६ साली ऑस्ट्रियाच्या ग्रोब्नर यांनी हे इंजेक्शन घेतलेल्या डायलिसिसच्या नऊ रुग्णांची माहिती ताडून पाहिली, तेव्हा त्यांपैकी पाच जणांना दोन ते चार आठवड्यांत हा विकार जडल्याचे दिसले. त्याच वर्षी डेन्मार्कमधील हर्लेव्ह येथील तेरा रुग्णांचीही कैफियत तशीच निघाली. मूत्रपिंडे निकामी असल्याने औषध शरीरात दीर्घकाळ रेंगाळते, धातूस जखडणाऱ्या सरळ साखळीच्या रेणूची पकड सैल होते आणि सुटलेला धातू त्वचेत ठाण मांडतो.

२००७ साली अमेरिकी सरकारच्या औषध खात्याने कडक इशारा जारी केला, इतर देशांनीही निर्बंध घातले, आणि नवे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले. झालेल्या रोगावर मात्र खात्रीचा इलाज नाही.

तुझ्या आईची चित्रे इंजेक्शनाविनाच घेतली, आणि ती पुरेशी असल्याचे डॉक्टरांनी कळविले आहे. पुढे गरज पडलीच तर वलयाकार रेणूचे, धातूस घट्ट धरणारे औषध देऊन लगेच डायलिसिस करता येईल. तिच्या फाइलीच्या पहिल्याच पानावर हा सारा तपशील तारखेनिशी लिहून ठेवला आहे. त्याची प्रत सोबत पाठवीत आहे, ती तिकडच्या डॉक्टरांस दाखवून काही शंका असल्यास रविवारी फोन कर.

तुझा,
काका