मैदानाच्या कडेचा कल्याणमित्र

विजयी संघाच्या छायाचित्राखाली खेळाडूंची नावे छापलेली असतात. त्यांना घडविणारा कोपऱ्यात उभा असतो आणि बहुधा निनावीच राहतो. इतिहासाचे अध्यापक या नात्याने, नोंदींतून गळणाऱ्या माणसांविषयी आम्हाला विशेष ममत्व आहे. म्हणून या स्मरणिकेत अशाच एका माणसाविषयी लिहावे, असे ठरविले.

आमच्या वसतिगृहात वाढलेला एक विद्यार्थी आज सांगलीतील एका महाविद्यालयात बास्केटबॉलचा साहाय्यक प्रशिक्षक आहे. बी.पी.एड. झाल्यावर त्याने पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला. पहाटे मुलांना पळविणे, टोपलीखाली उभे राहून शंभर वेळा चेंडू परत देणे, प्रतिस्पर्ध्यांच्या चाली टिपून ठेवणे आणि हरलेल्या मुलाची समजूत काढणे, हे त्याचे काम. मानधन मात्र हंगामापुरतेच. दुपारी तो एका दुकानात हिशेब लिहितो. महाविद्यालयात पगारी पद असते ते शारीरिक शिक्षण संचालकाचे, त्यासाठी एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट लागते. साहाय्यक प्रशिक्षक हे आपल्याकडे काम आहे, पद नाही.

ही स्थिती एका खेळापुरती नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी १४९ विरुद्ध १४७ गुणांनी अंतिम सामना जिंकून जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता ठरला. दोघांचेही प्रशिक्षक एकच, साताऱ्याचे प्रवीण सावंत. त्यांची उपजीविका पोलीस दलातील नोकरीवर. उसाच्या रानालगत दोन जगज्जेते घडविणाऱ्या माणसालाही पोटासाठी दुसरी नोकरी असावी लागते, हे आपल्या क्रीडाव्यवस्थेचे वास्तव आहे. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित जमीन नाही आणि पाठीशी पगारही नाही, त्या मुलांनी या वाटेवर किती काळ तग धरावा?

येथे जॉन मॅक्लेंडन यांचे चरित्र आम्हाला आठवते. १९३३ मध्ये ते अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात दाखल झाले. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ तेथेच शिकवीत. कृष्णवर्णीय असल्यामुळे मॅक्लेंडन यांना विद्यापीठाच्या संघातून खेळता आले नाही. पण नेस्मिथांकडून त्यांनी खेळाचे शास्त्र आत्मसात केले. पदवी घेऊन ते नॉर्थ कॅरोलायनातील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात आधी साहाय्यक आणि पुढे मुख्य प्रशिक्षक झाले. नंतर टेनेसीतील त्यांच्या संघाने १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे लहान महाविद्यालयांचे राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. मैदानाने नाकारलेला माणूस ज्ञानाच्या बळावर मैदानाचा आचार्य झाला. त्यांच्या हाती पदवी होती आणि पुढे पायऱ्या असलेले पद होते, हे विसरता कामा नये.

बाबासाहेबांनी तथागतांना मोक्षदाता नव्हे, तर मार्गदाता म्हटले आहे. प्रशिक्षकही मार्गदाताच असतो. बाण खेळाडूनेच सोडायचा, चेंडू खेळाडूनेच टोपलीत टाकायचा. वाट दाखवून त्याने बाजूला व्हायचे. धम्मात अशा सोबत्याला कल्याणमित्र म्हणतात. परंतु कल्याणमित्रालाही पोट असते, संसार असतो. त्याच्या त्यागाचे गोडवे गाऊन त्याला उपाशी ठेवणे हा धम्म नव्हे. संस्थांनी ही पदे मंजूर करून घ्यावीत आणि ती नियमित वेतनावर भरावीत, ही मागणी आपण सातत्याने केली पाहिजे.

आणि मुलांनो, तुम्हाला एवढेच सांगणे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा नावाच्या बालकाचे नाव साताऱ्यातील शाळेच्या दाखल्यावर नोंदले गेले. त्या नोंदीने पुढे इतिहास घडला. खेळ मनापासून खेळा, शिकवावासा वाटला तर जरूर शिकवा, पण एम.पी.एड., सेट, पतियाळाची पदविका यांपैकी कशाचाही कंटाळा करू नका. आमचा तो विद्यार्थी हिशेबाच्या वह्या मिटवून रात्री सेटचा अभ्यास करतो. येत्या काळात एखाद्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर त्याचे नाव पगारी पदासमोर वाचायला मिळावे, हीच आमची मंगलकामना.

जय भीम! नमो बुद्धाय!