हात अजून न्यू जर्सीतच!

सहा वर्षं तिकडे मस्त कार चालवली. सावनेरला परतले, इंडिकेटर द्यायला गेले तर वायपर सुरू! बाबांना दर महिन्याला तपासणीला नागपूरला न्यायचं, म्हणून सेकंडहँड वॅगन आर घेतली. नंबर अर्थात एमएच ४०. परतणाऱ्यांनो, ऐका: इंटरनॅशनल परमिट फक्त वर्षभर चालतं. इथलं जुनं लायसन्स? तेही संपून वर्ष उलटलेलं, म्हणजे पुन्हा टेस्ट आलीच.

रस्त्यावर कोळशाचे ट्रक, संत्र्यांचे टेम्पो, मधेच म्हशी. ‘‘हॉर्न मार ना बाप्पा!’’ बाबा ओरडायचे. तिकडे हॉर्न म्हणजे जवळजवळ शिवीच हो! परवा पाटणसावंगीपासून बिनधास्त वाजवत गेले. कोराडीच्या चिमण्या दिसल्या, तरी शेजारून एकही सूचना नाही. बघते तर बाबा चक्क झोपलेले.