वापरलेल्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीची विश्वासार्हता

भारतातील कॉम्पॅक्ट एसयूव्ही हा वाहनप्रकार अभियांत्रिकीइतकाच करधोरणातून घडलेला आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात, लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० व डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरपर्यंत असलेल्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. पुढे फोर्ड इकोस्पोर्ट (२०१३), मारुती विटारा ब्रेझा (२०१६) आणि टाटा नेक्सॉन (२०१७) या उंच बांध्याच्या गाड्या चार मीटरच्या याच चौकटीत बसवल्या गेल्या. त्या पिढीतील गाड्या आता जुन्या बाजारात आल्या असून, एकाच मॉडेलविषयी एक मालक भरभरून बोलतो आणि दुसरा कानाला खडा लावतो. यात विसंगती काहीच नाही, कारण नव्या गाडीची विश्वासार्हता बव्हंशी कारखान्यात ठरते, तर जुन्या गाडीची आधीच्या मालकाच्या हातात.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने घेतलेली जुनी डिझेल गाडी या दृष्टीने बोलकी आहे. पहिल्या मालकाचे नोकरीनिमित्त पुणे-कोल्हापूर महामार्गावर सतत जाणे-येणे असल्याने मीटरवरचा आकडा पाहून अनेक गिऱ्हाइके परत गेली होती. परंतु या गाडीच्या इंजिनाने आजवर कधीही वाटेत दगा दिलेला नाही. याच मॉडेलची, निम्म्याहूनही कमी चाललेली, एका स्नेह्यांची गाडी मात्र चढावर उचलेनाशी झाली आणि पिकअप गेल्याची तक्रार घेऊन गॅरेजच्या फेऱ्या मारू लागली. तिची ईजीआर, म्हणजे जळालेल्या वायूंचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडून ज्वलनाचे तापमान आणि त्यायोगे नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण कमी करणारी झडप, उघडून पाहिली तेव्हा तिच्या तोंडाशी डांबरासारखा काळा, चिकट थर जमलेला होता. घर ते शाळा आणि घर ते मंडई एवढ्याच फेऱ्यांत डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही आणि काजळी साचत जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतरच्या डिझेल गाड्यांत ही अडचण अधिक तीव्र होते, कारण त्यांतील डीपीएफ हा काजळी अडवणारा फिल्टर ती काजळी जाळून स्वच्छ व्हावा लागतो आणि त्यासाठी गाडी काही काळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. म्हणूनच कमी किलोमीटर हा गुण मानण्याची बाजारातील रीत डिझेलच्या बाबतीत सरसकट स्वीकारता येत नाही.

त्याच कुटुंबाच्या गाडीत खर्च निघाला तो सस्पेन्शनचा. खड्ड्यातून सावकाश जाताना पुढच्या चाकाजवळून बारीक टकटक ऐकू येत असे. लिंक रॉड आणि लोअर आर्मचे रबरी बुश बदलल्यावर ती थांबली. हे भाग झिजणारच असतात आणि त्यांची किंमतही आवाक्यातली असते, त्यामुळे त्यांवरून गाडीला नावे ठेवणे अन्यायाचे ठरेल. क्लचचे तसे नाही. घाटातल्या कोंडीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय पहिल्या मालकाला असेल, तर क्लच प्लेटचे मोठे बिल दुसऱ्याच्या वाट्याला येते.

खरी धास्ती बाळगावी ती पुराच्या पाण्याची. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा प्रसंगांनंतर दुरुस्त केलेल्या काही गाड्या दूरच्या शहरांत विक्रीला येतात. इंजिन हवा दाबू शकते, पाणी नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असताना गाडी सुरू केली तर पिस्टनला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इंजिन बदलले तरी वायरिंगच्या जोडांतला हिरवट गंज महिनोन्महिने नवनवे बिघाड काढत राहतो. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहिल्यास, एरवी गुंडाळलेल्या टोकाला मातकट रेघ दिसण्याची शक्यता असते. बाहेरून पुसलेल्या गाडीतही हा पट्टा धुवायचे बहुधा राहून जाते.

कागदपत्रांपैकी आरसी, विमा आणि कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला सगळेच पाहतात, सर्व्हिसची बिले फार थोडे. तारीख, किलोमीटर आणि बदललेले भाग बिलांवर क्रमाने नोंदलेले असल्याने मीटर मागे फिरवले असल्यास ती लबाडी तेथे उघडी पडते, शिवाय इंजिन ऑइल वेळेवर बदलले की नाही हेही कळते. गाडी पाहायला जावे ते सकाळी, आणि आधी सुरू करून ठेवू नये असे विक्रेत्याला बजावून, कारण पहिल्या स्टार्टचा रखडलेला सेल्फ, निळसर धूर आणि टर्बोची शिट्टी या तिन्ही गोष्टी तापलेल्या इंजिनात सहज झाकल्या जातात.