मशीन फिट नाही

मागच्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवीतल्या एका मुलाने आम्हाला विचारले, ‘‘काका, तुम्ही रेल्वेत आहात ना? मग गाडी चालवता का?’’ आम्ही दोघे हसलो. एकाच बाकावर बसून शिकलेले आम्ही पुढे रेल्वेतही एकाच ठिकाणी लागलो, पण गाडी काही कधी चालवली नाही. गाडी ज्या रुळांवरून धावते ते रूळ ठीकठाक ठेवणारी अवजड यंत्रे दुरुस्त करणे, हे आमचे काम. त्या मुलाला गर्दीत जे सांगता आले नाही ते इथे सांगतो.

आपण बडोदेकर. गायकवाडी राज्यात १८६२ मध्ये डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तेव्हा डबे बैल ओढत असत. आज १६७६ मिलिमीटर अंतराच्या रुळांवरून हजारो टनांच्या मालगाड्या धावतात. हे रूळ काँक्रीटच्या स्लीपरवर आणि स्लीपर खडीवर टेकलेले असतात. गाड्यांच्या हादऱ्याने खडी हळूहळू खचते, रूळ कुठे खाली बसतो, कुठे बाजूला सरकतो. पूर्वी गँगमन कुदळीसारख्या ‘बीटर’ने स्लीपरखाली खडी ठोकून भरीत. आता ते काम मुख्यतः टँपिंग मशीन करते.

हे पिवळे मशीन रूळ पकडून हवा तेवढा उचलते आणि पोलादी बोटे खडीत खुपसते. ही बोटे सेकंदाला ३५ वेळा थरथरतात आणि दोन्ही बाजूंनी स्लीपरखाली खडी दाबून बसवतात. एका वेळी दोन स्लीपर घेणाऱ्या मशीनला अशी ३२ बोटे असतात. एका किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर, म्हणजे किती वेळा ही बोटे खडीत जात असतील याचा हिशेब विद्यार्थ्यांनी करावा! हे सारे चालते ते तेलाच्या दाबावर. तेलात केसाहून बारीक कचरा गेला तरी व्हॉल्व्ह अडकतो. म्हणून फिल्टर बदलणे, पाइप तपासणे, झिजलेली बोटे काढून नवी बसवणे, सैल झालेला प्रत्येक बोल्ट आवळणे, हेच आमचे रोजचे काम. राहणे स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर उभ्या केलेल्या कॅम्पच्या डब्यात. सणावाराला घरी पोहोचू याची खात्री नाही.

मशीनला काम करायचे तर त्या रुळावरच्या गाड्या थांबवाव्या लागतात. त्या वेळेला ‘ब्लॉक’ म्हणतात. ब्लॉक मिळणे सोपे नसते, आणि मिळालेल्या वेळेत मशीन बाहेर निघालेच पाहिजे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. थंडीचे दिवस होते. सकाळच्या तपासणीत एका पाइपाचे रबर तडकून आतली तार दिसू लागलेली आम्ही पाहिली. बदलायला पाऊण तास लागला असता. ब्लॉक दोन तासांचा होता आणि सगळे निघायच्या घाईत होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि म्हणालो, ‘‘आजचा दिवस निघेल.’’ रजिस्टरमध्ये ‘मशीन फिट’ असे लिहिले.

चाळीस मिनिटांत पाइप फुटला. तेलाची चिळकांडी उडाली, इंजिन बंद करावे लागले आणि बोटे खडीत रुतलेलीच राहिली. साखळीची कप्पी लावून ती एकेक बाजूने वर ओढली, पाइप बदलला, तेल भरले, मशीन स्टेशनात आणले. तोवर ब्लॉकची वेळ संपून सत्तर मिनिटे उलटली होती. मागे एक पॅसेंजर गाडी उभी होती. तिच्या खिडक्यांतून माणसे आमच्याकडे पाहत होती. कुणाची मुलाखत होती, कुणाला दवाखान्यात पोहोचायचे होते, ते आम्हाला कधीच कळले नाही. रात्री आमच्या वडीलधाऱ्या मिस्त्रींनी एवढेच विचारले, ‘‘पोरांनो, सकाळी दिसलं होतं ना?’’ आम्ही मान खाली घातली. त्या रात्री जेवण गेले नाही.

पुढे काही वर्षांनी एका फिल्टरमध्ये धातूचा चमकणारा कीस सापडला. याचा अर्थ पंप आतून झिजतो आहे. त्या दिवशी अनेक दिवसांच्या प्रतीक्षेनंतर ब्लॉक मिळाला होता, माणसे कामाच्या जागी पोहोचली होती. आम्ही रजिस्टर उघडले आणि लिहिले, ‘मशीन फिट नाही.’ हात थरथरत होता हे कबूल करतो. ब्लॉक रद्द झाला, बोलणी खावी लागली, खुलासाही द्यावा लागला. संध्याकाळी पंप उघडला तर बेअरिंग झिजलेले होते. पण ते त्याच दिवशी तुटले असते की आणखी महिनाभर चालले असते, हे कुणीच सांगू शकत नव्हते. त्यामुळे शाबासकी मिळाली नाही, मिळायचे कारणही नव्हते. मिस्त्री तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांना मात्र आम्ही पत्र लिहून कळवले.

पालक आम्हाला विचारतात, या कामासाठी मुलाने काय शिकावे? आयटीआयचा कोर्स करावा, यंत्र उघडून पाहण्याची हौस हवी, हात काळे करायची लाज नको, हे आम्ही सांगतोच. पाना धरायला कुणीही सहा महिन्यांत शिकतो. सगळे घाईत असताना जे दिसले तेच रजिस्टरमध्ये लिहिणे, हे आम्हाला एका फुटलेल्या पाइपाने शिकवले, आणि त्याची किंमत त्या गाडीतल्या अनोळखी माणसांनी मोजली.

तेव्हा बालमित्रांनो, आजोळी जाताना तुमची गाडी मध्येच थांबली आणि शेजारच्या रुळावर पिवळे मशीन दिसले, तर रागावण्याआधी खिडकीतून जरा हात हलवा. आमच्यापैकी कुणीतरी तिथे तेलाने माखलेले असेल. आणि उशीर आमच्या चुकीने झाला असेल, तर तो हात पाहून आम्हाला दुप्पट लाज वाटेल. तीही उपयोगाची असते.